चांदीच्या रुपयांचे फोटो: नाण्याऐवजी छताचा पंखाच दिसतोय

मिरजेची_मृदुला

नमस्कार मंडळी.

आजीच्या पितळी डब्यातले चांदीचे रुपये दिवाळीनंतर तिन्ही मामा आणि आई यांच्यात वाटले जाणार आहेत. त्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी नीट फोटो काढून सगळ्यांना देईन, असं मी घरात बोलून बसलेय. आता पंचाईत झालीय.

डब्यात बहुतेक व्हिक्टोरिया राणीचे आहेत, काही सातव्या एडवर्डचे (आजी त्याला बोडका राजा म्हणायची), मग पंचम जॉर्ज आणि थोडे सहाव्या जॉर्जचे. दोन रुपयांना कडी डाखलेली आहे. शिवाय प्लास्टिकच्या डबीत १९६९ चा गांधीजींचा दहा रुपयांचा प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत ठोकलेलं नाणं) आहे, तो आजोबांनी घेतला होता.

गॅलरीत उन्हात धरलं तर अर्धं नाणं पांढरंफटक आणि अर्धं काळं येतं. ट्यूबलाईटखाली अक्षरं दिसतात पण चांदी जाऊन ॲल्युमिनियम येतं. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा ठिपका. मैत्रिणीचा रिंग लाईट आणून बघितला, तर राणीच्या गालावर चक्क बांगडी उमटली. गांधीजींच्या नाण्यात तर माझा मोबाईल, माझी बोटं आणि छताचा पंखा पात्यांसकट दिसतो.

एका व्हिक्टोरियाच्या कडेला निळसर-जांभळी छटा आहे. डोळ्यांना सुरेख दिसते, फोटोत ती येतच नाही.

मोबाईल बऱ्यापैकी आहे. मावसभावाचा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स मागून आणता येईल. खर्च फार करायचा नाही. थोरल्या मामाचं म्हणणं, चिंच आणि राखेनं घासून काढ, फोटो आपोआप चांगला येईल. सध्या डबा माझ्या कपाटात कुलपात आहे.

काळी_मखमल

मृदुलाताई, कुलूप राहू द्या.

मी पुण्यात सराफांच्या कॅटलॉगचं काम करत आलो, रोल भरायच्या काळापासून. सोनं परवडलं, हिरेसुद्धा परवडले, पण चांदीचं ताम्हन किंवा अत्तरदाणी आली की आम्ही आधी स्टुडिओतली माणसं बाहेर काढायचो. मग भिंतीवरचं कॅलेंडर. चांदी आपला असा रंग फारसा दाखवतच नाही, समोर जे असेल ते दाखवते. तुमच्या रुपयात पंखा दिसला तो त्याचा दोष नव्हे, त्याच्यासमोर पंखाच होता. तेव्हा दिवा कुठे ठेवू हा प्रश्न नंतरचा. नाण्याला वर बघितल्यावर काय काय दिसणार, हे आधी ठरवा.

सपाट नाण्यावर कॅमेरा सरळ वरून रोखलात की नाण्याच्या सपाट भागात, म्हणजे चित्र-अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत, लेन्स आणि तिच्या आसपासचाच भाग उमटतो. चेहरा, केस, अक्षरांच्या बाजू या उतरत्या असतात, त्यांत बाजूचं दिसतं. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं हाताचं काम आहे.

राणीछाप रुपये जवळपास साडेतीस मिलिमीटरचे. मोबाईलची नेहमीची लेन्स वापरली तर तुम्हाला नाण्याच्या इतकं जवळ जावं लागतं की दिव्याला शिरायला फट उरत नाही. वरून मोबाईल आपणहून मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोंच्या सोयीवर) उडी मारतो आणि आणखी जवळ बोलावतो. ते बंद करा. दोन पट किंवा तीन पट झूमची लेन्स असेल तर ती लावा, हातभर वर जा, नंतर फोटो कापून घ्या. डीएसएलआर मिळाला तर उत्तमच. १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून जितकं जवळ फोकस होतं तितकं जा. नाणं फ्रेमच्या निम्म्याहून जास्त उंची व्यापतं आणि घरच्या आल्बमला तेवढं रग्गड आहे. एफ ८ (लेन्सचं भोक मध्यम), आयएसओ १०० (कमी संवेदनशीलता, म्हणजे फोटोत दाणे नाहीत), दोन सेकंदांचा टायमर. स्टँड नसेल तर पुस्तकांच्या दोन थप्प्या आणि त्यांवर आडव्या दोन फूटपट्ट्या, मोबाईल त्यावर पालथा.

नाणं टेबलावर थेट ठेवू नका. बाटलीच्या झाकणावर किंवा खोडरबरावर ठेवून इंचभर वर उचला. खालचा कागद धूसर होतो आणि सावली फ्रेमच्या बाहेर पडते. कागद करड्या रंगाचा घ्या. पांढऱ्यावर मोबाईल घाबरून फोटो काळपट करतो, काळ्यावर उलट चांदी जाळून टाकतो आणि नाण्याची अंधारातली कड कुठे संपली तेही कळत नाही.

दिवे दोन, सारख्या जातीचे, एलईडी टेबललॅम्प चालतील. घड्याळाची तबकडी धरा, बारा म्हणजे राणीच्या डोक्याची बाजू. एक दिवा दहाला, एक दोनला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंची. बहुतेक लोक दिवा टेबलालगत लावतात आणि मग झीज, ओरखडे, सगळं भूत होऊन वर येतं. दिवे वर चढवा, लेन्सच्या जितके जवळ नेता येतील तितके न्या. चांगल्या राखलेल्या नाण्यावर ठोकताना धातू मधून कडेकडे पसरल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. त्यांच्यामुळे नाणं हलवलं की उजेडाचे आरे फिरतात. हे आरे छोट्या, नागड्या दिव्यातच दिसतात. दिव्यावर मोठा पांढरा कागद लावलात की ते गेले, आणि तुम्ही म्हणता ते ॲल्युमिनियम आलं.

आता दिवे जागेवर राहू द्या आणि नाणं फिरवा. थोडंथोडं. एका ठिकाणी चांदी उजळेल, तिथे थांबा.

खोलीतला बाकीचा उजेड बंद. खिडकीचा निळा आणि बल्बचा पिवळा एकत्र आले तर नाण्याचे दोन गाल दोन रंगांचे होतात. भिंत रंगीत असेल तर तीसुद्धा चांदीत उतरते. काम करताना काळा कुर्ता घाला, हे चेष्टेनं सांगत नाहीये.

बटरपेपर

काकांचा अनुभव मोठा आहे, पण नवख्या माणसाला दोन उघडे दिवे म्हणजे दोन पांढरे डाग. मी सरळ दुधाची पांढरट प्लास्टिक बरणी घेतो, बूड कापतो, नाण्यावर पालथी घालतो. तोंडातून लेन्स, बाहेरून दिवे. उजेड चहूकडून सारखा. अक्षर न् अक्षर वाचता येतं. पन्नास नाणी एका बैठकीत होतात. घरच्या यादीसाठी आणखी काय हवं?

काळी_मखमल

यादीसाठी चालेल. कडी डाखलेले, गुळगुळीत झिजलेले जे रुपये आहेत त्यांना तर बरणीच बरी, त्यांच्यात चमक उरलेली नसतेच. पण बरणीतून काढलेला चांगला रुपया आणि वाईट रुपया शेजारी ठेवले तर मामांना फरक कळायचा नाही, आणि वाटणीत नेमका तोच फरक कळायला हवा. शिवाय चहूकडून उजेड म्हणजे सावलीच नाही. राणीचा गाल आणि मागची मोकळी जागा एका पातळीत येतात. बरणीच वापरायची तर निदान एका बाजूला काळ्या कागदाची पट्टी चिकटवा, थोडा उठाव परत येईल.

डाग पडतात ते दिवा उघडा आहे म्हणून नव्हे, सपाट भागात थेट दिव्याचं प्रतिबिंब येतं म्हणून. दिवा बोटभर सरकवला की डाग फ्रेमबाहेर.

अर्धा_तोळा

मी फोटोवाला नाही, नाणी जमवणारा आहे. म्हणून आधी थोरल्या मामांबद्दल.

चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, काही नको. घासलेल्या चांदीवर केसाएवढ्या बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं आणि वर काकांनी सांगितलेल्या उघड्या दिव्यात ते जाळंच आधी दिसतं. ज्या रेषांमुळे चमक फिरते त्यासुद्धा घासण्यात जातात, पुन्हा येत नाहीत. निळसर छटा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला पातळ थर. संग्राहक त्याचे जास्त पैसे देतात. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकट काही आलं असेल तरच शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढावं, न चोळता. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेले असतात. नाणं नेहमी कडेला धरा आणि खाली मऊ कापड अंथरा, हातून सटकतंच.

दुसरं, उजेडाची दिशा. काकांनी नाणं फिरवा म्हटलंय ते बरोबर, पण नंतर फोटो सरळ कराल तेव्हा उजेड खालून आल्यासारखा दिसला तर राणी आत खचलेली दिसेल. आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय असते. चेहरा ज्या दिशेला बघतो त्या वरच्या बाजूने मुख्य दिवा हवा. व्हिक्टोरिया, पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज डावीकडे बघतात, तुमचा बोडका राजा उजवीकडे. म्हणजे त्याच्यासाठी दिव्यांचा जोर दहावरून दोनवर न्यायचा. एडवर्डचे सगळे एका दमात काढा, सारखी अदलाबदल नको.

काय वाचता आलं पाहिजे तेही सांगतो. व्हिक्टोरियावर क्वीन लिहिलंय की एम्प्रेस ते बघा, एम्प्रेस १८७७ पासून. पंचम जॉर्जच्या मागच्या बाजूला तळाशी कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर रुपया मुंबईच्या टांकसाळीचा. तो ठिपका सपाट उजेडात हमखास बुजतो. आणि १९११ साल निघालं तर खास वेळ द्या. त्या वर्षी राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती इतका आखूड सोंडेचा झाला की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. पुढच्या वर्षी साचा दुरुस्त करावा लागला. हत्ती बोटाच्या नखाहून लहान, फोटोत सोंड दिसली पाहिजे.

नवशिक्या_नाशिक

मध्येच विचारतो. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला तर चमक मारता येते ना? पाण्याचे फोटो काढताना मी तेच करतो.

तिरकी_काच

पाणी, काच, प्लास्टिक यांच्यावरून तिरका परतणारा उजेड बऱ्याच अंशी एका दिशेत बांधलेला असतो, म्हणून फिल्टर त्याला अडवतो. धातूवरून परतणाऱ्या उजेडाचं तसं होत नाही. शिवाय आपण नाण्याकडे सरळ वरून बघतोय, त्या कोनात तो प्लास्टिकच्या डबीवरही निरुपयोगी. दिव्यापुढे एक आणि लेन्सवर आडवा दुसरा असे दोन पोलरायझर लावले तर चमक खरंच मरते. इतकी मरते की चांदीची राखाडी माती होते. करून बघायला हरकत नाही, आल्बमला लावू नका.

मृदुलाताईंच्या निळ्या छटेवर मात्र उपाय आहे. साबणाच्या फेसावर रंग दिसतात तसाच हा पातळ थरातला रंग आहे, तो सरळ परतलेल्या उजेडातच खुलतो. म्हणजे उजेड लेन्सच्याच वाटेने वरून खाली यायला हवा. लेन्सच्या जागी दिवा ठेवता येत नाही, म्हणून मध्ये काच घालायची.

फोटोफ्रेमला लावतात ती साधी पातळ काच, तळहाताएवढी, फ्रेमवाल्याकडून कापून आणा आणि कडा घासून घ्या. नाणं आणि लेन्स यांच्या मध्ये ती पंचेचाळीस अंशांत तिरकी उभी करायची, दोन्ही बाजूंना थर्माकोलचे तुकडे आणि चिकटपट्टी पुरे. दिवा बाजूला, काचेच्या उंचीवर, काचेकडे तोंड करून. काचेवर पडलेल्या उजेडाचा काही भाग खाली वळून नाण्यावर सरळ पडतो, तिथून उलटा वर येतो आणि काचेतून आरपार लेन्समध्ये जातो.

दोन गोष्टी विसरल्या तर सगळा खेळ फसतो. दिव्याचा उजेड नाण्यावर थेट पडू नये म्हणून दोघांच्या मध्ये काळं कार्ड. आणि काचेच्या पलीकडच्या बाजूला काळं कापड, कारण बहुतेक उजेड काचेतून सरळ पुढे जातो आणि समोर पांढरी भिंत असेल तर ती काचेच्या वरच्या अंगावरून लेन्समध्ये परतते, फोटो धुरकट येतो. साधी काच पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्साच खाली वळवते, तेव्हा शटर लांबवावं लागेल. हात लावायचा नाही, टायमरच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. त्यामुळे शटर १/५०, १/२५ असं ठेवलं की पट्टे येत नाहीत.

या पद्धतीत मोकळी जागा उजळ येते, अक्षरांच्या बाजू गडद, आणि रंग आहे तसा. राणी जरा चपटी दिसते, ते मान्य करून चाला. मी अशा नाण्याचे दोन फोटो देतो, एक काकांच्या दिव्यांत आणि एक काचेतून.

एक काम आधी करा. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवून कॅमेऱ्यातून बघा. आरशात लेन्सचं तोंड बरोबर मधोमध दिसलं तर कॅमेरा सरळ आहे. नाही दिसलं तर काच आणि दिव्यांची सगळी मेहनत फुकट जाते. आणि पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता ते कॅमेऱ्याला दाखवणं) करून तिथेच थांबवून ठेवा, नाहीतर मोबाईल ती निळी छटा चूक समजून पुसून टाकतो.

काळी_मखमल

काचवाल्यांनी छान सांगितलं. जुन्या संग्रहालयांच्या नाण्यांच्या सूची चाळून बघा. त्यांतले बरेच फोटो नाण्यांचे नाहीतच, प्लास्टरच्या ठशांचे आहेत. धातूची चमक कोण आवरत बसणार, म्हणून ठसा घ्यायचे आणि पांढऱ्या प्लास्टरचा फोटो छापायचे. तपशील झकास, पण चांदीचा पत्ता नाही. मला त्यांचं बटरपेपर यांच्या बरणीशी नातं वाटतं. (रागावू नका हो.)

बटरपेपर

रागावलो नाही. बरणीला काळी पट्टी लावून बघितली, फरक आहे. जास्त काही कबूल करणार नाही.

मिरजेची_मृदुला

सगळ्यांचे आभार. भावाचा कॅमेरा आला, दोन टेबललॅम्प घरातच होते. दिवे वर चढवायचं पटेना, पण चढवल्यावर एम्प्रेसवाला एक रुपया असा उजळला की आईने डब्यातला तोच का ते उलटून बघितलं. बोडक्या राजासाठी उजवीकडचा दिवा जवळ ओढला, मिशा मोजता येतील. काच आणि काळं कापड लावून निळी छटाही आली, जांभळ्यासकट. काळा कुर्ता नव्हता, आईची काळी चंद्रकळा अंगाभोवती घेतली. १९११ नाही निघाला, १९१२ चे आहेत, त्यांचा हत्ती हत्तीच आहे.

राहिले गांधीजी. डबी उघडते, पण उघडायची भीती वाटते. आणि सहाव्या जॉर्जपैकी एकाचं साल पुसट आहे, १९३ का १९४ तेच कळत नाही, पुढचा आकडा तर गेलाच.

काळी_मखमल

गांधीजींसाठी सगळं उलट करा. प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरसा असते आणि चेहरा मुद्दाम खरबरीत, दुधाळ ठेवलेला असतो. आरशाला काळं दाखवायचं, चेहऱ्याला उजेड. काळ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडा आणि तो लेन्सच्या तोंडाला गळपट्ट्यासारखा अडकवा. पंखा, बोटं, छत सगळं त्यामागे जातं. मग दिवे वरून खाली आणा, बाजूने साधारण अर्ध्या काटकोनात. आरशावरचा उजेड पलीकडे निघून जातो, दुधाळ चेहरा तेवढा तो पकडतो आणि काळ्यावर पांढरा उठतो. डबी बंदच राहू द्या, तिचं झाकण नाण्याला समांतर असतं, त्यामुळे तेच कार्ड तिचंही प्रतिबिंब झाकतं. झाकणावर ओरखडे असतील तर दिवे थोडे वर घ्या. उघडलीच तर नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा शिंतोडा प्रूफवर कायमचा बसतो.

अर्धा_तोळा

पुसट साल फोटोसाठी नाही, वाचण्यासाठी बघायचं आहे. तेव्हा एकच दिवा, अगदी टेबलालगत, बाकी अंधार. नाणं त्याच्यासमोर सावकाश फिरवत राहा. झिजलेल्या आकड्याचा उरलासुरला उठाव एखाद्याच कोनात सावली टाकतो, तिथे क्लिक करा. ओरखडेही दिसतील, त्यांची फिकीर नको.

सोबत कडेचाही फोटो काढा. खोडरबराच्या दोन तुकड्यांमध्ये नाणं उभं करा, मागे पांढरा कागद, दिवा समोरून. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि कडेला नुसत्या उभ्या रेघांऐवजी सिक्युरिटी एज (रेघांच्या मधून गोल फिरणारी खाच) दिली. त्याआधीच्यात ९१.७ टक्के चांदी. तुमच्याकडचे बाकीचे सहावे जॉर्ज बहुधा चाळीसनंतरचेच असणार, त्यांची कड शेजारी ठेवून तुलना करा.

कड नुसत्या रेघांची निघाली तर तो १९३८ किंवा १९३९ असू शकतो. १९३९ चा क्वचित मिळतो आणि नकली मात्र पुष्कळ मिळतात. म्हणून सालाचा, कडेचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, वजनही सोनाराच्या काट्यावर करून लिहा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. मामांना तोवर काही सांगू नका.

मिरजेची_मृदुला

कड नुसत्या रेघांचीच आहे. फोटो रात्री टाकते, आत्ता धाकटे मामा चहाला आलेत.